नाव कोरडी, जळण ओलं

१० जून

एवारिस्तो,

आधी ओळख करून देते. मी एदेल्मिरा. तुझी आजी. बुटकी, डाव्या डोळ्यात ठिपका असलेली, जेवताना पाय हलवू नकोस म्हणून तुला दटावायची ती. आठवलं असेल तर पुढे वाच. नसेल तर हे पत्र दुसऱ्या एखाद्या एवारिस्तोला दे. तिकडे पुंता अरेनासला आपल्या बेटांवरची इतकी पोरं गेली आहेत म्हणे, की आजी नसलेला एखादा सापडेलच.

मी बोलतेय आणि रोसेंदो लिहितोय. तोच, आपल्या चर्चचा कारभारी, पाद्री नसला की प्रार्थना म्हणणारा आणि पाद्री असला की त्याच्या चुका काढणारा. मला वाचता येत नाही म्हणून हा मध्येच आपलं शहाणपण घुसडेल, हे मला ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक पान मी त्याच्याकडून दोनदा वाचून घेणार. दोन्ही वेळा सारखं आलं तर खरं. मजुरी म्हणून सफरचंदाच्या दारूचा एक पेला ठरलाय, पण पत्र संपल्यावर. आधी दिला की ओळी डोंगर चढायला लागतात.

तुला जाऊन दोन वर्षं आणि चार महिने झाले. मधल्या काळात तुझं एक चित्राचं कार्ड आलं. त्यावर मेंढ्या होत्या. मागे तीन ओळी, त्यातली एक हवामानाची. आजोबांची चौकशी नव्हती. मी ते कार्ड भिंतीला लावलंय. मेंढ्यांची तोंडं तुझ्यापेक्षा बोलकी आहेत.

इकडे सगळं ठीक आहे. बटाटा बरा आला. लाल कोंबडी मेली, ती म्हातारीच होती. तुझे आजोबा ठणठणीत आहेत, जरासा खोकला आहे इतकंच. (रोसेंदो, लिही म्हटलं ना. पाप माझं, शाई तुझी.)

पाऊस मात्र फार झाला. उन्हाळा आलाच नाही यंदा. जानेवारी म्हणजे आपले उन्हाचे दिवस, तेव्हासुद्धा कपडे चुलीपाशी वाळवले. त्यामुळे जळण थोडं दमट आहे. थोडंच. तुला आठवत असेल, आजोबा काय म्हणायचे ते: या हिवाळ्यात आपल्याला ऊब देतो तो गेल्या हिवाळ्यातला माणूस. त्यानं उतरत्या चंद्रात झाड पाडलं, चिरलं, रचलं, उन्हाळाभर वाळू दिलं, म्हणून आज आपण पाय शेकतोय. तेव्हा तो माणूस कोण होता, कुठे गेला, याचा विचार करावा लागतो कधीकधी.

तुझी नाव कोरडी आहे. अर्धवट ठेवून गेलास तशीच, शेडमध्ये. आजोबा तिच्यावर धूळसुद्धा बसू देत नाहीत. याहून जास्त मी बोलणार नाही, कारण बोलले तर मी तुझी बाजू घेते असं म्हाताऱ्याला वाटेल, आणि त्याची घेतली तर तुला.

कधी येतोस?

आजी

२६ जून

एवारिस्तो,

पहिलं पत्र मागच्या लाँचनं गेलं. उत्तर यायला अजून वेळ आहे, मला कळतं. पण मागच्या पत्रात मी खोटं बोलले आणि रोसेंदोला झोप लागत नाही. रोज येऊन तोंड पाडून बसतो. म्हणतो, “वहिनी, माझ्या हातानं लिहिलंय ते.” तेव्हा त्याच्या झोपेसाठी खरं सांगते.

तुझे आजोबा फेब्रुवारीपासून अंथरुणाला आहेत. पलंग आम्ही स्वयंपाकघरात आणला, चुलीच्या पाठीमागे. छातीत काहीतरी बसलंय. आरोग्याच्या लाँचवरून नर्सबाई आली होती. तिनं नळी लावून ऐकलं आणि म्हणाली, कास्त्रोच्या इस्पितळात न्यायला हवं, पण अशा समुद्रातून नेलं तर वाटेतच जाईल. मग हिवाळा निघेपर्यंत काय करायचं? तर खोली गरम हवी, कोरडी हवी आणि धूर अजिबात नको. “आजी, धूर म्हणजे यांना विष,” असं म्हणाली. पोरगी चांगली आहे, पण ती वाल्परायसोची. तिकडे गरम खोली म्हणजे खिडकी उघडायची, ऊन आत घ्यायचं.

आता जळणाचं ऐक. थोडं दमट असं मी लिहवलं होतं. ते दमट नाही, ते रडतंय. चुलीत घातलं की दोन्ही टोकांनी पाणी येतं, फेस येतो, सुसू आवाज येतो. ज्वाळा नाही, नुसता धूर. नळकांड्याच्या सांध्यातून काळं पाणी गळतं. मी खाली वाटी ठेवलीय.

आणि ते ओलं का राहिलं, तेही ऐक. म्हाताऱ्यानं गेल्या हिवाळ्यात एकट्यानं लाकूड पाडलं. सत्तर वर्षांचा माणूस. चंद्र बघून पाडलं, नीट चिरलं, सगळं रीतीप्रमाणे. मग रचायची वेळ आली. मी म्हटलं, शेडमध्ये रचू या. तर म्हणाला, शेडमध्ये नाव आहे. मी म्हटलं, नाव बाहेर काढू, वर ताडपत्री टाकू. तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तुला पावसात उभं करायला सांगितलं. “नावेला ओल लागली तर फळ्या वाकतील,” म्हणाला. म्हणून लाकडाची थप्पी बाहेर, कुंपणाला लागून, वर चार पत्रे. एप्रिलच्या वादळानं पत्रे नेले. एक पत्रा रोसेंदोच्या बटाट्यांत सापडला.

म्हणजे असं आहे बघ. नाव कोरडी, जळण ओलं. ज्या माणसानं तुला चारचौघांत सांगितलं की, तुझी नाव सुपाच्या भांड्यातसुद्धा तरंगणार नाही, त्यानं तिच्यासाठी आपलं जळण पावसात ठेवलं. हे तुला सांगायचं नाही असं मला बजावलंय. झोपलाय आता.

शेजाऱ्यांकडे मागावं, तर सगळ्या बेटाचं तेच. कोरडं लाकूड कुणाकडेच नाही. रोसेंदो येताना कोटाखाली चार काटक्या आणतो, चोरल्यासारख्या.

एकच कोरडं आहे. तू जाण्याआधी पाडून चिरलेला तेपू, वळचणीखालचा. मी तो दोन वर्षं हात राखून वापरला. एकेचाळीस काठ्या उरल्या आहेत. सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन. बाकी वेळ ओलं लाकूड आदल्या दिवशी भट्टीत पावाशेजारी भाजून घेते आणि दुसऱ्या दिवशी जाळते. आजच्या विस्तवावर उद्याचं जळण वाळतं. पावाला लाकडाचा वास येतो आणि लाकडाला पावाचा. म्हातारा म्हणाला, “एदेल्मिरा, आज चुलीला लोणी लावून देतेस का?”

चेष्टा करतोय तोवर बरा आहे. पण वाक्याच्या मध्ये आता दोनदा थांबतो.

ये.

आजी

८ जुलै

एवारिस्तो,

चूक माझी झाली. पन्नास वर्षं चूल सांभाळतेय आणि नव्या नवरीसारखी चूक केली.

तुझा तेपू पुरावा म्हणून मी नळकांड्याची झडप जवळजवळ बंद ठेवत होते. विस्तव दमानं जळतो ना तसा. पण ओल्या लाकडाचा धूर वर गेला नाही. तो नळकांड्यात चिकटत गेला. बोटभर जाड, डांबरासारखा. मला आवाजावरून कळायला हवं होतं. चूल नीट श्वास घेत नव्हती. ती आणि म्हातारा, दोघांचं तेच. शुक्रवारी सकाळी म्हातारा फार थरथरत होता म्हणून मी शेवटच्या नऊ काठ्या एकदम घातल्या आणि झडप सताड उघडली.

नळकांडं पेटलं. आतून. आधी घोंघावलं, मग बैलासारखं हंबरलं, मग लाल झालं, थेट छतापर्यंत. आणि छत लाकडी फळ्यांचं, तुला माहीतच आहे. मी झडप मारली, चुलीत मूठमूठ मीठ टाकलं, सगळं मीठ, मांसासाठी ठेवलेलंसुद्धा. रोसेंदो माझ्या ओरडण्यानं आला, शिडी लावून ओल्या गोण्या घेऊन छतावर चढला. त्याचं वय बघता त्याला म्हणावं लागेल की बरा चढला. उतरताना माझ्या कोबीवर पडला. (हे लिही. नाही, हेही लिही.)

घर वाचलं. चूल मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत थंड. नळकांडं उतरवून खरवडावं लागलं. म्हाताऱ्यावर घरातली सगळी पांघरुणं घातली, तुझा जुना कोटसुद्धा. सकाळी त्याचे ओठ शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे झाले होते. निळे. मी चूल पेटवली ओल्या लाकडावर. धुरानं तो असा खोकला की मला वाटलं, आता झालं. डोळे उघडे आणि मी दिसत नाही.

तुझा तेपू संपला.

मी बाहेर गेले. पहार घेऊन गेले. अर्ध्या तासानं परत आले. दुपारपर्यंत खोली गरम झाली, धूर नाही, म्हाताऱ्याच्या ओठांना रंग आला. इतकंच लिही, रोसेंदो. माझ्याकडे बघू नकोस, कागदाकडे बघ.

कशानं गरम झाली ते विचारू नकोस. तूही आम्हाला दोन वर्षं काही विचारलं नाहीस.

लवकर ये. मी मागच्या वेळी नुसतं ये म्हटलं होतं. आता लवकर म्हणतेय.

आजी

२४ जुलै

एवारिस्तो,

बसला असशील तर उभा राहा, उभा असशील तर बस.

मी तुझी नाव जाळतेय.

आधी सुट्या फळ्या जाळल्या, भिंतीला टेकवून ठेवलेल्या. त्या मोजून चौदा होत्या, तुला माहीत असेल. त्या नावेच्या नव्हत्या अजून, असं मी स्वतःला सांगितलं. मग त्या संपल्या. मग वरच्या कडेची पहिली खिळलेली फळी पहारीनं उचकटली. ती किंचाळली. चांगली बसवली होतीस. म्हातारा म्हणाला होता वाकडी आहे. वाकडी नव्हती, पोरा. काढताना माझे खांदे गेले.

दहा वर्षं शेडमध्ये वाळलेलं सायप्रस. साऱ्या बेटावर त्याच्याहून कोरडं लाकूड नाही. एक फळी चार तुकडे करून घातली की दुपार निघते. धूर नाही, पाणी नाही, नळकांडं स्वच्छ. आणि वास! तो वास मी विसरले होते, तिथेच फसले.

पहिल्याच दिवशी तो दुपारी डोळे न उघडता म्हणाला, “एवारिस्तो आला का?”

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. सायप्रसचा वास या घरात कधी येतो? तू शेडमध्ये रंधा मारत असलास की. तुझ्या केसांत, कपड्यांत छिलके घेऊन जेवायला यायचास. त्याच्या नाकाला तेवढंच ठाऊक.

मी म्हटलं, “हो, आला.”

दुसरं काय म्हणणार होते? तुझी नाव चुलीत आहे असं?

“कुठंय?”

“शेडमध्ये. कामाला लागलाय.”

“आत का येत नाही?”

“रागात आहे अजून.”

त्यानं पांघरूण छातीपर्यंत ओढलं. मग मान हलवली. “बरोबर आहे. मी असतो तर मीही आलो नसतो.” आणि एवारिस्तो, तो हसला. मग सूप मागितलं. आठ दिवसांत त्यानं स्वतःहून काही मागितलं नव्हतं.

तेव्हापासून असं चाललंय. मी सकाळी शेडमध्ये जाऊन फळी उचकटते. पहारीचा आवाज, खिळ्यांचा आवाज, हातोडीचा आवाज. तो पलंगावर पडून ऐकतो आणि खूश होतो. “चांगला ठोकतोय,” म्हणतो. मी मोडतेय, तो समजतो तू जोडतोयस. एक दिवस माझा हात दुखला म्हणून रोसेंदोनं ठोकलं, तर म्हातारा म्हणाला, “आज आळशीपणा करतोय पोरगा.” रोसेंदोला ते फार लागलंय.

आणि आता त्यानं नवीनच काढलंय. मी पाव दिला की मधोमध मोडतो. अर्धा खातो आणि अर्धा मला देतो. “त्याला नेऊन दे. कामाच्या माणसाला भूक लागते.” मी घेऊन शेडमध्ये जाते. तिथे उभी राहून खाते. पक्ष्यांना टाकावा तर तो खिडकीतून बघेल. रोज तुझ्या वाटचा अर्धा पाव मी खातेय. एखाद्या वेळी चीजसुद्धा असतं. तू खूप जेवतोस, बाबा.

रोसेंदो विचारतो, हे कुठवर चालणार. त्याच्या बॅटरीच्या रेडिओवर सांगितलं की माणसं चंद्रावर उतरली. मी विचारलं, चढत्या चंद्रात की उतरत्या? तो म्हणाला, चढत्या. मी म्हटलं, मग तिथलं लाकूड ओलंच निघणार.

चंद्रावर जाता येतं. पुंता अरेनासहून इथे येता येत नाही का?

अर्धी नाव उरली आहे. तिच्यावर आम्ही किती दिवस काढू ते तूच हिशेब कर, तू बांधलीस तिला. माझं खोटं खरं करायला तू येशील तेव्हा शेडमध्ये नाव नसेल, हे मला माहीत आहे. तरी ये. आत येऊन मला शिव्या दे. त्याला तुझा आवाज ऐकू दे.

आजी

८ ऑगस्ट

एवारिस्तो,

लाँच आली. रोसेंदो किनाऱ्यावरून धावत आला, मी हात पुसत दारात. तू पाठवलेलं पार्सल! सोडलं. पीचचे दोन डबे.

डब्यांखाली बघितलं. कागद झटकला. रोसेंदोनं डब्यावरची अक्षरंसुद्धा वाचून दाखवली, त्यात निरोप असेल म्हणून. साखरेच्या पाकातले पीच, असं लिहिलं होतं. बस.

दोन माणसांना दोन डबे. हिशेबाला चोख आहेस. ज्याच्यावर गेलायस तोही असाच आहे. प्रेम वाटलं की तोंड शिवून घेतो आणि तुझ्या नावेसाठी जळण भिजवतो. मी दोघांच्या मध्ये पन्नास आणि तेवीस अशी त्र्याहत्तर वर्षं घालवली.

कोणतं पत्र मिळालं तुला? पहिलंच मिळालं असेल, ठणठणीत आहेत म्हटलेलं. तसंच असू दे देवा. बाकीची मिळूनही तू डबे पाठवले असशील तर मला कळवूही नकोस.

बाजूच्या फळ्या संपल्या. आता बरगड्या चालू आहेत. बरगडीचं लाकूड जाड आहे, एक दिवसभर पुरते. अकरा आहेत. आणि कणा. कणा मी धरत नाही.

म्हाताऱ्याला रोज कामाची खबर लागते. “कुठवर आलं?” मी एक फळी काढली की सांगते, एक फळी चढली. त्यामुळे त्याच्या हिशेबानं नाव होत आलीय. माझ्या हिशेबानंही होत आलीय. काल म्हणाला, “सांता रोसाच्या भरतीला पाण्यात घालू. मला खुर्चीवर बसवून किनाऱ्यावर न्या.” सांता रोसा म्हणजे तीस ऑगस्ट. मी म्हटलं, नेऊ. त्याचा हात घेतला, तर नखं थंड होती. चूल धगधगत होती आणि नखं थंड.

मग तो जे बोलला ते मी रोसेंदोला शब्दनशब्द लिहायला सांगतेय. बोलायला त्याला बराच वेळ लागला.

“त्याला सांग, मागची बाजू हवी तशी काप. मोटर बसवायची तर बसव. मी तिला पाण्यावरचा ट्रक म्हटलं ते रागात म्हटलं. वाऱ्याची मला सवय आहे, त्याला असावी असं थोडंच आहे. आणि त्याचं काम सरळ होतं. मला तेव्हाही दिसलं होतं.”

मी म्हटलं, “तूच सांग ना त्याला.”

“तो आत येत नाही. तू सांग. तू चांगलं सांगतेस.”

मी सांगितलं, एवारिस्तो. हे मी तुला सांगितलं. दोन वर्षं सहा महिने तू ज्याची वाट बघत होतास ते हे आहे. आता आणखी कशासाठी थांबलायस?

आजी

१९ ऑगस्ट

एवारिस्तो,

सांगायचं बरंच आहे आणि रोसेंदोकडे दोनच कागद आहेत, म्हणून चेष्टा कमी.

रविवारी मी पीचचा दुसरा डबा उघडला. त्याला चमच्यानं भरवत होते. गिळायला आता तेवढंच जमतं, मऊ. दोन घास झाले आणि त्यानं विचारलं, “हे कुठून?”

“एवारिस्तोनं दिले.”

“शेडमध्ये पीचचं झाड लागलंय का?”

मी चमचा डब्यात ठेवला.

“एदेल्मिरा,” तो म्हणाला, “राख काढतेस तेव्हा डब्यात खिळे वाजतात. नाव बांधणारा माणूस खिळे चुलीत टाकत नाही.”

पहिल्या दिवसापासून माहीत होतं त्याला. वास आला तेव्हा क्षणभर खरंच वाटलं, म्हणाला, की पोरगा आला. मग संध्याकाळी मी राख उपसली आणि त्याला कळलं.

मला असा राग आला! म्हटलं, “मेल्या, महिनाभर मला शेडमध्ये हेलपाटे घालायला लावलेस! रोज नवीन फळी चढवत होते मी! रात्री आठवून ठेवायचे, काल किती सांगितल्या! बोलला का नाहीस?”

“तू इतकी मन लावून खोटं बोलत होतीस. मध्येच तोडणं बरं दिसलं नसतं.”

“आणि अर्धा पाव?”

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, दम लागलाय. मग म्हणाला, “मी दिला असता तर तू खाल्ला नसतास. म्हटली असतीस, तूच खा. त्याच्या नावानं दिला तर खाल्लास. बारीक झाली होतीस, म्हातारे.”

रोसेंदो, नाक पुसायचं तर बाहेर जाऊन पूस, कागद भिजवू नकोस.

म्हणजे मोटरीचा निरोप त्यानं मला दिलाच नव्हता. शेडमध्ये कुणी नाही हे त्याला माहीत होतं. तो निरोप पत्राला दिला. शेजारच्या खोलीत मी रोसेंदोला काय सांगते ते याला ऐकू जातं. छाती गेलीय, कान शाबूत आहेत.

आता कामाचं. काल शेवटची बरगडी जळली. शेडमध्ये कणा आहे, एकटा, ओंडक्यांवर. सकाळी मी पहार आणि करवत काढली, तर पलंगावरून आवाज आला, “कणा नाही.”

मी म्हटलं, “तुझ्या छातीचं काय?”

“कणा असला की नाव परत होते. तो गेला की नुसतं जळण.”

“पोरगा येणार नाही, कुस्तोदियो. त्याला नावच नको असेल.”

“मग तो येऊन जाळेल. आपण नाही.”

आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. म्हणून आज चुलीत परत ओलं तेपूचं लाकूड आहे. रडतंय. झडप मी पूर्ण उघडी ठेवलीय, दार थोडं उघडं ठेवलंय, धूर जावा म्हणून. धूर जातो आणि ऊबही जाते. त्याच्या पाठीला मी गरम विटा लावते. रोसेंदोनं आपल्या अंगणाचं फाटक काढून आणलं, म्हणाला, तसंही त्यातून गाई येतातच. ते दोन दिवस पुरेल. मग चर्चच्या जुन्या बाकांचं बघू म्हणतो. रोसेंदोच्या वतीनं देवाशी मी बोलेन.

कणा मी आत आणणार आहे आणि पलंगाखाली ठेवणार आहे. लांब आहे, अर्धा बाहेर येईल. येऊ दे. हात खाली केला की त्याला लागेल.

आता नीट वाच, आणि हे मी विनवून सांगतेय, टोमणा नाही. सत्तावीसला पौर्णिमा आहे. तिथून पुढे चंद्र उतरतो, दोन आठवडे. पुढच्या हिवाळ्याचं लाकूड त्या दोन आठवड्यांत पाडायला हवं. मागे खाडीपाशी तेपू आहे, वर टेकाडावर लुमा आहे. पाडायला या घरात माणूस नाही. आणि शेड आता रिकामी आहे, पोरा. पहिल्यांदाच. तुझी नाव नाही तिथे, तेव्हा या वेळी लाकडाला छप्पर मिळेल. पाडशील, चिरशील, साल वर करून रचशील, उन्हाळाभर वाळेल. त्या जळणावर पुढच्या वर्षी पाय शेकायला आम्ही दोघं असू की मी एकटी, हे मला माहीत नाही. रोसेंदोला वाटतं त्याला माहीत आहे. त्याचं तोंड तसं झालंय. मला त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही.

म्हातारा विचारत नाही तुझ्याबद्दल. आता विचारण्यासारखं काही उरलं नाही ना, सगळं बोलून झालं. फक्त पाव अजून मोडतो. खात तर काहीच नाही आता, तरी मोडतो. त्याला माहीत आहे, मला माहीत आहे, तरी अर्धा माझ्या हातावर ठेवतो आणि दाराकडे बघतो. काल मी तो शेडमध्ये नेला. शेडमध्ये कण्याखेरीज काही नव्हतं. मी खाऊ शकले नाही. कण्यावर ठेवून आले. सकाळी गेला होता, उंदरानं नेला असेल.

लाँच थांबलीय, रोसेंदो घाई करतोय. पीच पाठवू नकोस. पीठ पाठव. पांढरं, बारीक दळलेलं, त्याला आंबिलीसारखं पाजता येईल असं. आणि पाठवू नकोस खरं तर, खांद्यावर घेऊन ये. दोघांपुरतं नको. तुझ्या वाटचा पाव आता तुझा तू खा. पीठ तिघांचं आण.

आजी